रोलरवरची हाक

मॅनेजरने टेबलावरून सरकवलेला कागद कडकताईला आधी कौतुकाचाच वाटला.

त्यात लिहिलं होतं, की नव्या मुलीला खिडकीजवळ वेगळं टेबल देण्यात आलं. तिला गरम रोलरपासून लांब ठेवण्यात आलं. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या दहा मिनिटं आधी तिला घरी सोडतात. सोमवारच्या बैठकीला तिला बसवत नाहीत. तिला कुणी उगाच त्रास द्यायला जाऊ नये, अशी बाकीच्या बायकांना ताकीद आहे.

सगळं खरं होतं. सगळं कडकताईने केलं होतं, तेही कुणी न सांगता. सात महिने कुणाच्या लक्षात आलं नाही, पण शेवटी आलं म्हणायचं, असं मनात येऊन ती जरा लाजलीसुद्धा. मग तिची नजर कागदाच्या माथ्यावर गेली. तिथे ‘तक्रार’ असं लिहिलेलं होतं, आणि त्याखाली ‘भेदभाव’.

“साहेब, हे कुणाबद्दल आहे?”

“तुमच्याबद्दल.”

“आणि केलंय कुणी?”

“नवीने.”

कडकताईने कागद पुन्हा वरून खाली वाचला. शब्द तेच होते. फक्त आता ते कुणीतरी उलटे करून वाळत घातल्यासारखे दिसत होते. सगळ्यात खाली आणखी एक ओळ होती, तिचा अर्थ तर तिला मुळीच लागला नाही: ‘टेबल फिरवलं तर रोज परत जागेवर ठेवण्यात येतं.’

“पंधरा दिवसांनी चौकशीच्या बाई येतील,” मॅनेजर म्हणाला. “घाबरू नका. तुमच्या मनात काही वाईट नव्हतं, हे आम्हाला माहीत आहे.”

ती घाबरलेली नव्हतीच. घाबरायला आधी काय झालंय ते तरी कळावं लागतं.

कारखाना धुलाईचा. गावातल्या इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी इथे गाठोड्यांनी येत आणि कोऱ्या कागदासारख्या होऊन जात. कडकताई रोलरवर. खोलीच्या मध्यावर वाफेने तापणारा, दोन माणसं आडवी झोपतील एवढा लांब रोलर. त्याच्या अलीकडे दोघी उभ्या राहत, पिळून आलेल्या चादरीची दोन टोकं धरत, एक झटका देऊन ती सरळ करत आणि कड पट्ट्यावर ठेवून दोघी एकाच क्षणी हात सोडत. एकीने आधी सोडली की चादर तिरकी जाई आणि चुण्या पडत. एकीने उशिरा सोडली तर चादरीबरोबर हातही आत जायची भीती. म्हणून डावीकडच्या बाईने ‘सोड’ अशी हाक द्यायची. डावीकडे सव्वीस वर्षं कडकताई होती, आणि आता खोलीची मुख्यही तीच. उजवीकडे अकरा वर्षं लांबी, जिचं नाव तिच्या उंचीवरून पडलं होतं. रोलरच्या पलीकडे चादर झेलून घडी घालायला एक सासू आणि तिची सून होत्या. दोघी घरी एकमेकींशी बोलत नसत, कारखान्यातही नाही. घडी मात्र अशी, की कोपऱ्याला कोपरा चिकटलेला.

कडकताईचं नाव कसं पडलं ते कुणाला आठवत नव्हतं. पूर्वी ती खळीचं काम बघायची म्हणून, असं ती सांगे. बाकीच्यांचं मत वेगळं होतं.

वीस वर्षांपूर्वी एका मुलीचा हात रोलरमध्ये गेला होता. गप्पांच्या नादात तिला हाक ऐकू आली नाही. तिचा हात थंड पाण्याच्या बादलीत धरून कडकताई तासभर बसली होती, आणि त्यानंतर तिने मॅनेजरच्या मागे लागून भिंतीवर पाटी लावून घेतली: ‘ज्यांना हाक ऐकू येत नाही त्यांनी रोलरवर उभं राहू नये.’ मॅनेजर तीन बदलले, पाटी तीच. म्हणून सात महिन्यांपूर्वी जन्मापासून ऐकू न येणारी एक मुलगी कामावर आली, तेव्हा कडकताईला विचार करायचं कारणच पडलं नाही. उशांचे अभ्रे मोजून घडी घालायचं काम तिला दिलं. खिडकीजवळची उजेडाची जागा दिली. खुर्चीवर घरची उशी आणून ठेवली. संध्याकाळी फाटकापाशी ट्रकांची गर्दी असते, त्यात पोरीला मागून आवाज यायचा नाही, म्हणून दहा मिनिटं आधी सोडायला लागली. आणि रोलरवर एक वर्ष काढल्याशिवाय कुणाला कायम करत नाहीत, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. माहीत होतं. पण हात जाण्यापेक्षा नोकरी कच्ची राहिलेली बरी, असा तिचा हिशेब.

त्या संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो घरीच घड्याळं दुरुस्त करायचा. डोळ्याला भिंग लावून एका घड्याळाच्या पोटात बघत त्याने शेवटपर्यंत ऐकलं.

“तिला विचारलं होतंस का?” तो म्हणाला.

“काय विचारायचं? तिला ऐकू येत नाही.”

नवऱ्याने भिंग काढलं, तिच्याकडे पाहिलं आणि परत लावलं.

“अहो, बोला की.”

“मी काय बोलणार. चहा टाकतेस का?”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती नवीच्या टेबलापाशी गेली. नवी पाठमोरी बसली होती. कडकताईने खांद्याला हात लावला तशी ती विजेचा झटका बसल्यासारखी उडाली आणि अभ्र्यांचा गठ्ठा खाली पडला. दोघींनी वाकून अभ्रे गोळा केले. पोरगी सव्वीस-सत्तावीसची, केस घट्ट बांधलेले, चेहऱ्यावर ‘आता काय’ असा भाव.

“अगं,” कडकताई प्रत्येक अक्षर ताणून म्हणाली, “मी तुझं काय वाईट केलं?”

नवीने तिच्या ओठांकडे पाहिलं, खिशातली वही काढली आणि लिहिलं: ‘वाईट केलं असं मी लिहिलेलं नाही. वेगळं केलं असं लिहिलंय.’

“पण ते तुझ्याच भल्यासाठी.”

नवीने त्याच्याखाली लिहिलं: ‘बाकीचं चौकशीत. दुभाषी असेल तेव्हा.’ मग वही मिटली आणि डब्याचं झाकण उघडलं. झाकण उघडण्याची तिची एक रीत होती, समोरच्याला जा म्हणून सांगणारी.

कडकताई परत रोलरवर आली. “तोंड वर करून बोलते,” ती लांबीला म्हणाली. मग तिलाच वाटलं, की हे काही बरोबर नाही, ती तर बोललीच नव्हती.

चौकशीच्या बाई आल्या त्या साध्या, बुटक्या, पायात रबरी बूट घालून. बरोबर एक दुभाषी. तो बोलणं हातांनी नवीला सांगे आणि नवीचे हात तोंडाने सगळ्यांना. कडकताईने अपेक्षा केली होती एका खोलीची, टेबलाची, प्रश्नांची. पण बाई म्हणाल्या, “तुमचं काम दाखवा. तिला का जमणार नाही ते मला बघून समजू दे.”

यापेक्षा सोपं काय होतं? कडकताईने लांबीला खूण केली. पिळायचं मशीन मागे घुमत होतं, रोलर वाफ सोडत होता, ट्रॉल्यांची चाकं खडखडत होती. दोघींनी चादर उचलली, झटकली, ठेवली.

“सोड,” कडकताईने हाक दिली.

चादर सरळ गेली. पलीकडे सासूसुनेने झेलली. अशा दहा चादरी गेल्या. कडकताई घाम पुसत वळली. “बघितलंत ना मॅडम? हाक ऐकल्याशिवाय जमत नाही.”

बाई लांबीच्या अगदी मागे उभ्या होत्या. “तुम्ही हाक दिलीत?” त्यांनी विचारलं.

“दहा वेळा दिली.”

“मला एकदाही ऐकू आली नाही.”

“तुम्हाला सवय नाही, म्हणून. हिला विचारा.”

बाईंनी लांबीला विचारलं. लांबीने एकदा मॅनेजरकडे पाहिलं, एकदा छताकडे. एवढी उंच बाई, पण त्या क्षणी तिला कुठे दडू असं झालं होतं.

“ताई, रागावू नकोस,” ती म्हणाली. “मलाही येत नाही.”

“काय येत नाही?”

“तुझी हाक ऐकू. नवा रोलर आला ना, तेव्हापासून. मी तुझी हनुवटी बघते. हाक देताना ती खाली जाते. खाली गेली की सोडते.”

“नवा रोलर येऊन नऊ वर्षं झाली.”

“हो ना.”

“मग सांगितलं का नाहीस बाई इतकी वर्षं?”

“तू इतक्या मनापासून ओरडतेस,” लांबी म्हणाली. “मला वाटलं, कशाला.”

पलीकडून सासू म्हणाली, की आम्ही तर पट्ट्याकडे बघतो. सुनेने मान डोलावली, आणि सासूच्या बोलण्यावर सुनेने मान डोलावल्याचं कारखान्यात पहिल्यांदाच दिसलं.

दुभाष्याचे हात हे सगळं सांगत होते. नवी भिंतीला टेकून बघत होती. ती हसली असती तर कडकताईला बरं वाटलं असतं, निदान राग तरी आला असता. ती हसली नाही. सात महिने पाठमोरं बसूनही हे तिला ठाऊक होतं, असं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि सव्वीस वर्षं तोंड पुढे करून उभी राहिलेल्या बाईला ठाऊक नव्हतं.

बाईंनी जाताना सांगितलं, की रोलरवरच्या सगळ्यांचे कान तपासून घ्या. पाटी आहे तर ती सगळ्यांना लागू आहे की एकीलाच, ते तरी कळू दे.

कान तपासायला एका काचेच्या पेटीत बसवत. कानांवर जाड टोप्या, हातात बटण. आवाज आला की बटण दाबायचं. कडकताई पेटीत बसली आणि वाट बघू लागली. बाहेर तपासणारी मुलगी काहीतरी फिरवत होती, टिपून घेत होती. बराच वेळ झाला. मशीन बंद पडलं असेल, म्हणून कडकताईने काचेवर टकटक केली. मुलीने हसून ‘बसा’ अशी खूण केली. मशीन चालू होतं.

लांबीचे आणि सासूसुनेचे कान थोडेथोडे गेलेले निघाले, कामापुरते ठीक. कडकताईचा उजवा निम्मा. डावा, रोलरकडचा, जवळजवळ नाहीच.

मॅनेजरने तिला बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. आवाज चढवून, एकेक शब्द सुटा करून बोलायला लागला, आणि कालपर्यंत तो असा बोलत नव्हता.

“ताई, तुम्ही खूप वर्षं केलंत. आता जरा आराम. अभ्र्यांच्या टेबलावर दुसरी खुर्ची टाकतो. उजेड आहे, खिडकी आहे. त्रास नको तुम्हाला.”

“पण मला कसलाच त्रास नाहीये.”

“तुमच्याच भल्यासाठी सांगतोय. पाटी तुम्हीच लावलीत ना?”

त्याच्या आवाजात खोट नव्हती. डोळ्यांत काळजी होती, पाण्याचा पेला त्याने स्वतः भरला होता. तरी कडकताईला त्याच्या तोंडावर काहीतरी फेकावंसं वाटत होतं आणि का, ते सांगता येत नव्हतं.

त्या रात्री जेवताना तिने नवऱ्याला अहवाल दाखवला. त्याने वाचला आणि बाजूला ठेवला. त्याला काहीच धक्का बसला नाही.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“सात-आठ वर्षं झाली असतील.”

“आणि गप्प बसलात?”

“गप्प कुठे बसलो? मी रोज तुझ्या उजव्या बाजूला बसतो. आधी समोर बसायचो, आठवतं का? बेल बदलून मोठी लावली. तू कामात असलीस की आधी दिवा लावतो, मग आत येतो, म्हणजे तू दचकत नाहीस.”

कडकताई घासाचा हात तसाच धरून बसली. पाट सरकलेला, बेल बदललेली, दिवा. तिच्याच घरात सात-आठ वर्षं तिच्याभोवती कुणीतरी हलक्या हाताने सामान हलवत होतं, आणि ती त्यात ऐटीत फिरत होती.

“मला विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू काय म्हणाली असतीस?”

“मला छान ऐकू येतं म्हणाले असते.”

“मग?”

ती चिडली. पण चीड कुठे ठेवावी ते तिला कळेना. यानेही विचारलं नव्हतं. तिनेही नवीला विचारलं नव्हतं. याचं केलेलं तिला लागलं नव्हतं, उलट रडू येईल इतकं गोड वाटत होतं. मग तिने केलेलं त्या पोरीला एवढं का लागलं? रात्रभर ती याच्यावर उलटीपालटी होत राहिली. एक धागा सापडल्यासारखा होई आणि गाठ पुन्हा बसे. ह्याने मला माझ्या कामातून उठवलं नाही, एवढं एक तिच्या हाती लागलं. पण तेवढंच आहे का, हेही धड सांगता येईना.

सोमवारपासून ती खिडकीच्या टेबलावर बसली. नवी समोरच्या बाजूला नव्हती, शेजारी होती, कारण टेबल भिंतीला लावलेलं होतं. दोघींची तोंडं खिडकीकडे, पाठी सगळ्या कारखान्याकडे. खिडकीतून एक भिंत दिसे आणि भिंतीवर एक पाइप. खुर्चीवरची उशी फार मऊ होती, माणूस तिच्यात रुतून बसे.

पहिल्या तासात ती चार वेळा दचकली. मागून ट्रॉली येई ती एकदम खांद्याशीच. अभ्र्यांचं गाठोडं धपकन टेबलावर पडे, तेव्हा कळे की कुणी आलं होतं. कुणी हसत असेल तर ते आपल्यालाच का, हे वळून बघितल्याशिवाय समजायचा मार्ग नव्हता, आणि किती वेळा वळणार? दुपारपर्यंत तिची मान दुखायला लागली. आजवर रोलरवर उभं राहून तिला सगळा कारखाना दिसत असे. कानांनी सोडून दिलेलं काम डोळ्यांनी कधी उचललं होतं, ते तिला समजलंच नव्हतं.

नवी उठली. एकही शब्द न लिहिता तिने टेबलाचं एक टोक धरलं आणि कडकताईकडे बघितलं. कडकताईने दुसरं टोक धरलं. दोघींनी टेबल ओढून फिरवलं, पाठ खिडकीला, तोंड खोलीकडे. बसल्याबरोबर सगळं दिसायला लागलं: ट्रॉल्या, दार, लांबी, लांबीशेजारी तात्पुरती आलेली कुणीतरी, तिरकी चाललेली चादर.

आणि मग कडकताईला एकदम आठवलं. गेले सात महिने रोज सकाळी कामावर आल्यावर ती पहिलं काम हे करायची, की झाडणाऱ्याने वेडंवाकडं सरकवलेलं टेबल ओढून परत उजेडाकडे करायचं. झाडणाऱ्याला दोनदा बोललीसुद्धा होती. तो बिचारा म्हणायचा, मी नाही हो सरकवत. जवळजवळ दोनशे सकाळी. रोज सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन ही पोरगी ते फिरवून बाहेर जात होती, आणि तिच्यामागून ही भली बाई येऊन ते परत भिंतीला लावून ठेवत होती, मायेने.

“मला वाटलं, झाडणारा,” ती म्हणाली.

नवीने ओठ वाचले. वहीत लिहिलं: ‘माहीत आहे. मी बघायचे तुम्हाला. दाराच्या काचेतून.’

“मग सांगायचं होतंस.”

‘पहिल्या आठवड्यात चार चिठ्ठ्या दिल्या. तुम्ही माझ्या गालाला हात लावून हसलात आणि खिशात ठेवल्यात.’

कडकताईला चिठ्ठ्या आठवल्या. आभाराच्या असतील, असं ती धरून चालली होती. चष्मा घरी राहिला होता, आणि नंतर एप्रनबरोबर त्या धुतल्या गेल्या.

चौकशीतल्या जबानीच्या आदल्या दिवशी मॅनेजरने तिला पुन्हा बोलावलं. या वेळी दार लावून घेतलं. सांगितलं ते स्पष्ट होतं. तिने उद्या म्हणावं की हाक लागतेच, सुरक्षेची बाब आहे. मग पाटी राहील, तक्रार निकालात निघेल, तिच्यावर ठपका येणार नाही आणि टेबलावर बसूनही खोलीच्या मुख्यपदाचा मान तिचाच राहील. हाक लागत नाही असं म्हटलं, तर सात महिने एका मुलीला विनाकारण अडवून ठेवलं ते तिनेच, हे कागदावर येईल. मग मुख्यपद काही तिच्याकडे ठेवता येणार नाही.

“आणि रोलर?”

“हाक लागत नसेल तर रोलरवर कुणीही उभं राहील. तुम्हीसुद्धा. ठरवा.”

कडकताई घरी गेली ती ठरवायलाच. पण जेवढं ठरवावं तेवढं पसरत गेलं. खरं काय ते तिला माहीत होतं, तिच्या डोळ्यांदेखत सिद्ध झालं होतं. पण खरं बोलली तर तिला रोलर परत मिळणार होता, आणि तो तिला हवा होता, हात सळसळत होते. मग हे खरं बोलणं कुणासाठी? पोरीसाठी म्हणावं तर पोटात स्वतःचा रोलर. स्वतःसाठी म्हणावं तर मग तो बादलीतला हात? ती मुलगी ओरडली होती तेव्हा कडकताईचे दोन्ही कान शाबूत होते, तरी हात गेलाच होता.

जबानीच्या खोलीत पंखा होता, टेबल होतं, पाण्याच्या बाटल्या होत्या. चौकशीच्या बाई तिच्या उजव्या बाजूला बसल्या, पण आधी चालेल का असं विचारून. नवी समोर. दुभाषी मध्ये.

“रोलरवर काम करायला हाक ऐकू यावीच लागते का?”

“नाही,” कडकताई म्हणाली.

मॅनेजरने पेनचं टोपण लावलं.

“तुम्हाला आणखी काही सांगायचंय?”

“सांगायचंय, पण मला त्याचा नीट अर्थ लागलेला नाही.” ती दुभाष्याच्या हातांकडे बघत बोलत होती, आपलं बोलणं तिकडे कसं दिसतंय ते बघत. “मी हिला अडवलं. मला वाटत होतं, जपतेय. आता मला टेबलावर बसवलं तेव्हा मला राग आला, आणि बसवणारा जपतच होता. मग राग कसला? वीस वर्षांपूर्वी एका मुलीचा हात भाजला, तो मी विसरलेले नाही. पण तिला ऐकू येत होतं. तिचं लक्ष नव्हतं. पाटी मी चुकीची लावली. लक्ष ठेवा, अशी लावायला हवी होती. आणि मॅडम, हे मी हिच्यासाठी बोलतेय की मला माझी जागा परत हवी म्हणून, ते मला कळत नाही. दोन्ही असेल. तसं लिहून घ्यायचं असेल तर घ्या.”

बाईंनी लिहून घेतलं. नवीने हात हलवले, थोडेच.

“ती म्हणतेय,” दुभाषी म्हणाला, “की दोन्ही असलं तरी तिला चालेल. पण चिठ्ठ्या वाचायला हव्या होत्या.”

“हो,” कडकताई म्हणाली. एवढं एक मात्र तिला लख्ख कळलं होतं.

निकाल आला तो सरळ होता. पाटी उतरवली. ज्याला काम जमतं तो रोलरवर, आणि ते जमतं की नाही हे काम देऊन बघायचं. सोमवारची बैठक लेखी मुद्द्यांसह, सगळ्यांसमोर. दहा मिनिटं आधी कुणीच जायचं नाही. मुख्यपद लांबीकडे गेलं आणि तिने ते घेताना कडकताईकडे असं पाहिलं, जणू तिची ताटली चुकून उचलली आहे.

“घे गं,” कडकताई म्हणाली. “आता तूच ओरड.”

“मी नाही ओरडणार,” लांबी म्हणाली. “मी पांढरा रुमाल हलवणार.”

नवीचा रोलरवरचा पहिला दिवस. जोडीला कडकताई, कारण शिकवायला तिच्याइतकं जुनं कुणी नव्हतं. दोघी रोलरसमोरच्या फळीवर चढल्या. ट्रॉली भरलेली होती, रोलर तापला होता. कडकताईने आदल्या दिवशी दुभाष्याकडून माफीची खूण शिकून घेतली होती, आरशासमोर दहादा करून बघितली होती. तिने ती केली. नवीने बारकाईने पाहिली, तिचा अंगठा धरून जरा वर वळवला, म्हणजे अशी करतात, आणि वही काढली. माफी मिळाली की नुसती दुरुस्त झाली, ते कडकताईला समजलं नाही.

वहीत लिहिलं होतं: ‘तुम्हाला कुठली बाजू हवी?’

कडकताई डावीकडे उभीच होती. सव्वीस वर्षं तीच बाजू. कुणी दिली होती? पहिल्या दिवशी जी रिकामी होती ती. डावा कान रोलरने खाल्ला तो इथेच. उजवीकडे गेलं तर उरलेला निम्मा कान जायचा. डावीकडे राहिलं तर चादर धरायचा हात बरोबर पडतो. आणि आता पुढाकार कुणी घ्यायचा, डावीकडचीने की उजवीकडचीने? हनुवटीने की आणखी कशाने?

“कळत नाही,” ती म्हणाली.

नवीने मान डोलावली, जणू हेही एक उत्तरच. तिने चादरीचं टोक उचललं आणि दुसरं कडकताईच्या हातात दिलं. डावीकडून एक गेली, तिरकी. बाजू बदलली, दुसरी गेली, आणखी तिरकी. पलीकडून सुनेने चुण्या पडलेली चादर वर धरून दाखवली आणि सासू हसली. नवीने ती परत ओली करायच्या ढिगात टाकायची खूण केली आणि तिसरी उचलली. ती दोघींच्या मध्ये ताणलेली राहिली. नवी कुठल्या बाजूला जाऊ असं भुवयांनी विचारत होती, आणि कडकताई खरोखरच विचार करत होती.

मग नवीची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. कडकताई वळली. दारापाशी लांबी दोन्ही हातांनी पांढरा रुमाल फडकवत होती, ट्रॉलीकडे बोट दाखवत, तोंड वाजवत. किती वेळ वाजवत होती कुणास ठाऊक.

“अजून ठरतंय,” कडकताईने तिला सांगितलं, आणि चादर न सोडता नवीकडे वळून उजवीकडे एक पाऊल टाकून पाहिलं.